चांदीची पळी आणि कोरियन व्याही

आमच्या ऋचाचं लग्न एका टोपीमुळे मोडता मोडता राहिलं. टोपी काळी होती, आरपार दिसणारी होती आणि तिचा मालक केव्हाच स्वर्गवासी झालेला होता.

मी मूळचा सांगलीचा. आता शिकागोच्या एका उपनगरात राहतो. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, रिटायर झालो. क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणजे संशय घेण्याचा पगार मिळतो असा माणूस. पगार बंद झाला, संशय चालू राहिला. दुकानात दूध घेताना मी मागच्या रांगेतला कॅन ओढून त्याची तारीख पाहतो. शेजारी हसून 'गुड मॉर्निंग' म्हणाला की याला आपली शिडी हवी आहे हे मी ओळखतो. (हवी असते.)

अशा बापापुढे आमच्या एकुलत्या एका मुलीनं एका रविवारी पोहे खाता खाता सांगितलं, की तिला डॅनियल चोई नावाच्या मुलाशी लग्न करायचंय.

मुलगा घरी आला. दारात बूट काढले, वाकून नमस्कार केला, शुभदाच्या हातची आमटी दोनदा मागून घेतली आणि जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः विसळलं. ऋचानं त्याला थोडं मराठीही शिकवलं होतं. "काकू, आमटी छान झाली," असं तो चक्क म्हणाला. शुभदा विरघळली. मला मात्र शंका आली. इतका चांगला मुलगा असतो का कुठे?

आपल्याकडे अशा वेळी स्थळाची चौकशी करतात. सांगलीचा मुलगा असता तर मी तीन फोन केले असते आणि त्याच्या आजोबांनी कुणाशी बोलणं टाकलं होतं इथपर्यंत माहिती हातात आली असती. चोईंची चौकशी कुणाकडे करायची? आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात एकही माणूस असा नाही, की ज्याचा साडू कोरियात आहे.

"मग मी बघते त्या मालिका बघा की," शुभदा म्हणाली. "ऐतिहासिक आहेत. त्यांच्या रीतीभाती तरी कळतील."

शुभदा सांगलीला शाळेत केमिस्ट्री शिकवायची. इथे आल्यावर तिनं बरंच काही शिकवलं, पण अलीकडे ती शिकत होती ते फक्त कोरियन. रोज दुपारी जेवण झालं की ती सोफ्यावर पाय घेऊन बसायची आणि टीव्हीवर राजे, राण्या, प्रधान आणि कारस्थानं सुरू व्हायची. मी शेजारी वही न घेता पण इन्स्पेक्टरच्याच थाटात बसलो. मालिका बघायला नव्हे. तपासणीला.

पहिल्या दिवसापासून माल सदोष निघायला लागला.

"हा माणूस तुरुंगातून सुटून आलाय ना? मग याच्या ओठांना लिपस्टिक कशी?"

"टिंट म्हणतात त्याला."

"राजेशाहीत टिंट होतं?"

"अहो, तुमच्या त्या पेशवाईवरच्या मालिकेत बायका नथ घालून झोपतात, तेव्हा नाही विचारलंत."

"ती आपली मालिका आहे."

यावर तिनं आवाज वाढवला. टीव्हीचा.

पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. नायक चिखलात लोळून लढला की त्याचा झगा पांढराशुभ्र. दुष्काळ पडलाय, प्रजा झाडांच्या साली खातेय आणि प्रजेच्या भुवया कोरलेल्या. एकदा तर राजाच्या पानात लालभडक लोणचं दिसलं आणि मी उठून उभाच राहिलो. "पॉज कर! मिरची आपल्याकडेच पोर्तुगीजांनी आणली. त्याच्या आधीच्या या राजाला कुणी पोचवली?"

"बसा खाली. त्याच्या भावाला आता सुळावर देतायत."

या सगळ्यावर कडी केली टोपीनं. मालिकेतले सगळे प्रतिष्ठित पुरुष एक काळी, रुंद काठाची टोपी घालायचे आणि ती टोपी आरपार दिसायची. आमरसाच्या पातेल्यावर माश्या बसू नयेत म्हणून जाळी झाकतात ना, ती काळी रंगवून हनुवटीखाली बांधावी तशी. तिनं ऊन अडत नाही, पाऊस अडत नाही, डोक्यावरचा बुचडासुद्धा लपत नाही. अशी निरुपयोगी वस्तू कुठलाही शहाणा समाज डोक्यावर घेणार नाही. ही मालिकेच्या कपडेपटवाल्यांनी स्वस्तात उरकलेली बनवाबनवी आहे, असा निकाल मी दिला. आणि टोपी खोटी म्हणजे अख्खी मालिका खोटी.

त्यामुळे मालिकेत सारखं चाललेलं विषाचं प्रकरणही मी हसण्यावारी नेलं. तिथे दर दोन दिवसांनी कुणीतरी गोड हसत कुणालातरी वाटी द्यायचं आणि वाटीत विष असायचं. बहुधा देणारी सासू असायची. राजापुढे ताट आलं की एक दासी आधी चांदीचा चमचा पदार्थात बुडवायची. चमचा पांढरा राहिला तर राजा जेवायचा. काळा पडला की किंचाळ्या, धावपळ आणि पुढच्या भागात दासीचं मुंडकं.

"असलं काही नसतं," मी म्हणालो.

आणि मग चोईंकडून जेवणाचं आमंत्रण आलं.

निघायच्या आधी मी देवघरातली चांदीची पळी उचलून कोटाच्या आतल्या खिशात टाकली. तीर्थ द्यायची, फणा असलेली, माझ्या आईची पळी. माझा विषावर विश्वास नव्हताच. पण खबरदारी म्हणून काही असतं की नाही? कारखान्यात मी चांगल्यातल्या चांगल्या मालाचाही एक नमुना काढून तपासायचो. शुभदाला बोललो नाही. तिनं डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून पेढे आणले होते, तिचं लक्ष त्या खोक्याची फीत सरळ करण्यात होतं.

मिस्टर चोई दारातच उभे होते. दातांचे डॉक्टर, हल्लीच रिटायर झालेले. म्हणजे हेही आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावून आत कुठे कीड आहे ते बघणारे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. दोघंही हसलो. त्या हसण्यावर माझा विश्वास बसला नाही, त्यांचाही बसला नसावा.

दिवाणखान्यात गेलो आणि माझे पाय थांबले. भिंतीवर, काचेच्या पेटीत, ती टोपी.

"हे कुठल्या मालिकेच्या सेटवरचं?" मी विचारलं. (आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. त्यांचं कोरियन वळणाचं, आमचं सांगलीचं.)

"माझ्या पणजोबांची आहे," मिस्टर चोई म्हणाले. "घोड्याच्या केसांची. हातानं विणलेली."

"पण मग ऊन लागत असेल ना?"

"लागायचंच. ऊन अडवायला नव्हतीच ती. येणारा माणूस कोण आहे, हे लांबून कळावं म्हणून होती."

"म्हणजे आमच्या पगडीसारखी," शुभदा म्हणाली आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की मला घाम फुटला.

घाम हसण्याचा नव्हता. हिशोब सरळ होता. टोपी खोटी म्हणून मी मालिका खोटी ठरवली होती. आता टोपी खरी निघाली. मग मालिकाही खरी. मग ती वाटी, ते विष आणि ती गोड हसणारी सासूही खरी!

तेवढ्यात मिसेस चोई स्वयंपाकघरातून आल्या. हातात वाफाळता हंडीसारखा वाडगा आणि चेहऱ्यावर अगदी मालिकेतलं हसू.

"ऋचा म्हणाली तुम्ही मांस खात नाही, अंडं चालतं," त्या म्हणाल्या. "म्हणून हे खास तुमच्यासाठी केलंय."

खास तुमच्यासाठी. हे वाक्य मी टीव्हीवर कितीदा ऐकलं होतं. त्यानंतर काय होतं तेही पाहिलं होतं.

फेटलेली अंडी वाफवून फुगवलेला तो पदार्थ होता, पिवळाधमक, वरून कांद्याची पात. प्रत्येकाला वेगळा वाडगा. मी डाव्या हातानं खिशातून पळी काढली, रुमालाआड धरली आणि माझ्या वाडग्यात खोचली. वर फक्त नागाचा फणा राहिला. मग मी शिकागोच्या थंडीवर बोलायला लागलो. बर्फावर बोललो, फावड्यावर बोललो, रस्त्यावर टाकतात त्या मिठावर बोललो. मिस्टर चोई मान डोलावत होते. बोलून बोलून विषय संपला तेव्हा मी पळी हळूच वर काढली.

पळी काळी पडली होती. उगीच थोडी डागाळलेली नव्हे, करपलेल्या कढईच्या बुडासारखी काळी.

शेजारी ऋचाचा चमचा वाडग्यातून निघून तोंडाकडे चालला होता. मला ती एकदम एवढीशी दिसली, लहानपणी खडू खाताना पकडल्यावर जिभेवर तुकडा तसाच ठेवून रडणारी. मी तिचं मनगट धरलं.

"ऋचा, खाऊ नकोस!"

मराठीत बोललो, म्हणजे गुपित राहील अशी कल्पना. पण शुभदा डॅनीला आमच्याकडे "अजून खा", "खाऊन घे", "खाऊ नकोस, गार झालंय" असंच बोलायची. त्याचं सगळं मराठी 'खाणे' या क्रियापदात झालेलं.

"का खाऊ नको, काका?" डॅनीनं स्वच्छ मराठीत विचारलं. "काय झालं?"

मिसेस चोईंचं हसू मावळलं. सगळे माझ्या हातातल्या त्या काळ्या पळीकडे आणि पळीवरच्या फण्याकडे बघत होते. शुभदानं बसल्या बसल्या कपाळाला हात लावला आणि माझ्या कानाशी दात ओठ खात म्हणाली, "अहो, अंड्यात गंधक असतं. चांदी काळी पडणारच. नववीच्या पोरांना कळतं हे."

आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला शिकवलेली ही पहिली केमिस्ट्री आणि ती थोडी उशिरा आली.

"पप्पा," डॅनी आता आपल्या वडिलांना इंग्रजीत हळूच म्हणाला, "मालिकांमध्ये चांदीचा चमचा..." आणि थांबला. ऋचानं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर परवडलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मिसेस चोई सकाळपासून खपून माझ्यासाठी रांधत होत्या आणि मी त्यांच्या वाडग्यात विष शोधत होतो. हे त्या घराला कळलं तर माझी मुलगी तिथे कुठल्या तोंडानं नांदणार?

मग मी आयुष्यात पहिल्यांदा तपासणी न करता एक माल बाजारात सोडला.

"ही आमची प्रथा आहे," मी म्हणालो. "मुलीचा बाप व्याह्यांकडे पहिल्यांदा जेवायला गेला, की देवघरातली चांदीची पळी त्यांच्या अन्नात बुडवतो. ही माझ्या आईची पळी. आणि ती बुडेपर्यंत मुलीनं खायचं नसतं. जितकी जास्त काळी पडेल, तितकं नातं पक्कं."

मी पळी उंच धरली. "आणि ही बघा. इतकी काळी मी कधी पाहिली नाही." हे मात्र खरं होतं.

मिसेस चोईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दोन्ही हातांत माझा हात घेतला. मिस्टर चोई हलले नाहीत. दाढ दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले.

"फार जुनी प्रथा आहे का?" त्यांनी विचारलं.

"पेशवाईपासून."

"आमच्या राजवाड्यातही चांदीचे चमचे असायचे," ते सावकाश म्हणाले. "कारण वेगळं होतं." मग त्यांनी स्वतःचा चमचा उचलला, हात लांब करून माझ्या वाडग्यातला मोठा घास घेतला आणि माझ्या नजरेला नजर देऊन गिळला. "जुनी प्रथा आहे. मोडायला नको."

परतताना गाडीत मागून ऋचा म्हणाली, "बाबा, इज दॅट अ रिअल थिंग?"

"हो."

"आर यू शुअर?"

"अगं, मी कधी खोटं बोललोय का?"

शुभदाला खोकल्याची उबळ आली ती घर येईपर्यंत थांबली नाही.

प्रकरण इथे मिटलं असं मला वाटलं. पण साखरपुड्याला चोई मंडळी हॉलमध्ये शिरली आणि माझे डोळे पांढरे झाले. सगळे रेशमी पारंपरिक पोशाखात. पुढे मिस्टर चोई, डोक्यावर पणजोबांची टोपी. आणि प्रत्येकाच्या हातात, अगदी डॅनीच्या आजीच्याही, एकेक नवाकोरा चांदीचा चमचा!

"सिरियलवाल्यांकडून भाड्यानं आणली का हो टोपी?" आमच्या मंडळाच्या नलूकाकूंनी माझ्या कानात विचारलं. नलूकाकू म्हणजे इकडच्या प्रत्येक मराठी कार्याच्या सर्वाधिकारी. मुहूर्तापासून मठ्ठ्यापर्यंत सगळं त्यांच्या हातात. "असली जाळीदार टोपी कधी असते का?"

"खरी आहे ती," मी खेकसलो. "घोड्याच्या केसांची. माहीत नसेल तर बोलू नये."

"आणि चमचे कशाला?"

"व्याह्यांच्या अन्नात चांदी बुडवायची प्रथा आहे ना आपली. पेशवाईपासूनची."

नलूकाकू क्षणभर थबकल्या. आपल्याला एखादी प्रथा माहीत नाही, हे त्यांनी अमेरिकेत आल्यापासून कबूल केलेलं नव्हतं. "हो तर," त्या म्हणाल्या. "आमच्या आजोळी होतीच की. हल्ली लोक विसरले."

मिसेस चोईंनी मोठ्या भक्तिभावानं आपला चमचा श्रीखंडाच्या वाटीत उभा केला. सगळे भोवती जमले. थोड्या वेळानं त्यांनी तो बाहेर काढला, पुसला. चमचा लखलखत होता.

त्यांनी पुन्हा बुडवला. पुन्हा लखलखीत. बटाट्याच्या भाजीत बुडवला, वरणात बुडवला. चमचा उलट आणखीच उजळला. डॅनीच्या आजी कोरियनमध्ये काहीतरी पुटपुटल्या आणि मागच्या मंडळींचे चेहरे पडले. इतकी जुनी प्रथा आणि चमचा पांढराच. मिसेस चोई ऋचाकडे बघत होत्या आणि ऋचा माझ्याकडे. साखरपुड्याच्या मेन्यूत अंडं आणायचं कुठून?

मी शुभदाला कोपऱ्यात गाठलं. "वाचव."

"आता का? बघा ना पेशवाईत काय उपाय लिहिलाय ते."

"शुभदा, पोरगी रडेल गं."

तेवढं पुरलं. ती तडक मागे स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. तिनं मठ्ठ्याचं पातेलं पुढे ओढलं आणि काळ्या मिठाची अख्खी बरणी त्यात उलटी केली. "काळ्या मिठातही गंधक असतं," ती ढवळत म्हणाली. "वास येतो ना, तो त्याचाच." मग पदर खोचून ती पातेलं घेऊन हॉलमध्ये आली आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "माफ करा, ही प्रथा मठ्ठ्यात करतात. आमच्या यांना अर्धवट माहिती असते."

चमचे मठ्ठ्यात उतरले. आधी पिवळे झाले, मग तपकिरी, मग एकामागून एक काळे. मिसेस चोईंनी ऋचाला मिठी मारली. ऋचा हसतही होती आणि रडतही होती आणि मला इतकं हलकं वाटलं की मी टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे होतो. आजींनी टाळ्या थांबवून विचारलं, आता हा मठ्ठा कोण पिणार? शुभदा म्हणाली, मुलीचा बाप.

मी प्यायलो. त्याच्या चवीबद्दल एवढंच सांगतो, की मालिकेत विष प्यालेली माणसं तोंड वाकडं का करतात हे मला त्या दिवशी कळलं. मिस्टर चोई शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला, उरलेला अर्धा स्वतः संपवला आणि टोपी सावरत हळूच म्हणाले, "आमच्या राजवाड्यात चमचा काळा झाला की माणूस जायचा. तुमची पद्धत बरी आहे."

लग्न छान झालं. ऋचा आणि डॅनी सुखात आहेत. मी अजूनही दुपारी मालिका बघतो, पण तोंड मिटून. चमचा काळा पडून राजवाड्यात किंचाळ्या सुरू झाल्या, की शुभदा म्हणते, "बघा, नातं पक्कं झालं."

परवा मंडळातल्या एका लग्नाला गेलो होतो. मुलीकडचे नाशिकचे, मुलाकडचे नागपूरचे, चोईंशी कुणाचाच संबंध नाही. मांडवात चौरंगावर मठ्ठ्याचा वाडगा ठेवलेला आणि मुलीचे वडील हातात चांदीची पळी घेऊन गोंधळून उभे. दया आली म्हणून मी पुढे झालो, पळी घेतली आणि मठ्ठ्यात बुडवली.

नलूकाकूंनी माझा हात धरला. "देशपांडे, तशी नाही. फणा मुलाकडच्यांकडे हवा. पेशवाईपासूनची रीत आहे ही. माहीत नसेल तर विचारावं माणसानं, उगाच इतिहासाशी खेळू नये."

मी मुकाट्यानं फणा मुलाकडच्यांकडे फिरवला आणि चुकलो म्हणून माफी मागितली.